गुळाचा भाव आणि जगाचे अर्थकारण

मिरजेहून निघालेला लोहमार्ग १८९१ मध्ये कोल्हापूरला येऊन पोहोचला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकालगत नवी व्यापारपेठ वसविली. हीच शाहूपुरी. पंचगंगा आणि भोगावतीच्या काठी तयार होणारा गूळ बैलगाड्यांतून येथे उतरावा, त्याचे सौदे व्हावेत आणि रेल्वेच्या वाघिणींतून तो दूरच्या मुलखात जावा, अशी ही योजना होती. पुढे भोगावतीवर राधानगरी येथे धरणाचे काम हाती घेण्यात आले. लोहमार्ग, पेठ आणि पाणी या तिहींनी मिळून एका जिल्ह्याचे अर्थकारण घडविले. गुळाचे सौदे आता श्री शाहू मार्केट यार्डात होतात आणि शाहूपुरीत इतर व्यापाराची गर्दी वाढली आहे. तरीही अर्थशास्त्राचा एक अवघड भाग समजून घ्यावयाचा असेल, तर आरंभ करण्यास या पेठेइतकी सोयीची जागा सापडणे कठीण.

हा अवघड भाग म्हणजे स्थूल अर्थशास्त्र. एका वस्तूचा भाव, एका कुटुंबाचा खर्च किंवा एका कारखान्याचा नफा हा सूक्ष्म अर्थशास्त्राचा विषय होय. सर्व वस्तूंच्या भावांची पातळी, साऱ्या देशाचे उत्पन्न, एकंदर रोजगार, चलन आणि परदेशांशी होणारा व्यवहार यांचा विचार स्थूल अर्थशास्त्र करते. उच्च माध्यमिक वर्गात विद्यार्थी या व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितातही. पण वर्तमानपत्रात रेपो दर पाव टक्क्याने कमी झाल्याची बातमी आली, तर तिचा वर्गातल्या व्याख्येशी संबंध त्यांना जोडता येत नाही. पंचायत सदस्यांची अडचण उलट आहे. व्याख्या त्यांच्या कानावर नसतात, परिणाम मात्र रोज अंगावर येतात.

एकाचा हिशेब आणि सर्वांचा हिशेब

गुळाचा भाव चढला म्हणजे एखादा शेतकरी पुढील हंगामासाठी उसाचे क्षेत्र वाढवितो. त्याच्यापुरता हा निर्णय योग्यच असतो. मात्र त्याच भावाकडे पाहून शिवारातील सर्वांनी तेच केले, तर आडसाली ऊस तोडणीस येण्यास जे सोळा ते अठरा महिने लागतात, ते सरल्यावर सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. यात कोणाचीही चूक नसते, तरी तोटा सर्वांचा होतो. प्रत्येकाने शहाणपणाने वागूनही सर्वांचे मिळून नुकसान होऊ शकते, हा स्थूल अर्थशास्त्राचा पहिला आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच विचार बचतीच्या संदर्भात मांडला. मंदीच्या काळात प्रत्येक कुटुंबाने खर्च आवरला, तर दुकानदाराची विक्री घटते, कारखान्याची मागणी घटते, मजुराचे काम जाते आणि अखेरीस बचत करावयास उत्पन्नच उरत नाही. घरात जो गुण ठरतो, तो देशाच्या हिशेबात दोष ठरू शकतो.

महाराष्ट्राला हा सिद्धान्त परदेशी पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात खेड्यांत पैसाच उरला नव्हता. पीक नाही म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून धान्य उपलब्ध झाले तरी ते घेण्याची ऐपत नाही, अशी ती अवस्था होती. घरगुती हिशेबाने पाहिले, तर महसूल घटलेल्या शासनानेही अशा वेळी हात आखडता घ्यावयास हवा होता. प्रत्यक्षात उलट करण्यात आले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत गेली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये झालेल्या प्रयोगातून जी कल्पना पुढे आली होती, तिला याच काळात राज्यव्यापी रोजगार हमी योजनेचे रूप आले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

या योजनेसाठी पैसा कोठून आला, हे प्रत्येक अधिकाऱ्याने व शिक्षकाने आपल्या पगारपत्रकावर पाहावे. १९७५ च्या कायद्याने लागू झालेला व्यवसाय कर तेथे कपातीच्या रकान्यात दिसतो. हमी योजनेसाठी असे कर उभारावयाचे आणि त्यांच्याइतकीच रक्कम शासनाने आपल्या निधीतून घालावयाची, अशी ती रचना होती. ज्यांचे उत्पन्न निश्चित आहे, त्यांच्याकडून थोडे घेऊन ज्यांच्या हाताला काम नाही त्यांच्यापर्यंत मजुरीच्या रूपाने ते पोहोचवावयाचे, यालाच पाठ्यपुस्तकात राजकोषीय धोरण म्हणतात. व्यवसाय कराची कुरकूर करणाऱ्या अनेकांना त्याचे हे मूळ ठाऊक नसते.

मजुरीचा रुपया पुढे काय करतो, हे एका साध्या हिशेबाने दाखविता येईल. समजा, गावात १०० रुपये मजुरी वाटली गेली आणि प्रत्येकजण हाती आलेल्या पैशांपैकी ८० टक्के गावातच खर्च करतो. मजुराकडून ८० रुपये किराणा दुकानदाराकडे जातील, त्याच्याकडून ६४ रुपये दूधवाल्याकडे, पुढे ५१ रुपये सुताराकडे, आणि ही साखळी संपेपर्यंत मूळच्या १०० रुपयांतून ५०० रुपयांचे उत्पन्न निर्माण झालेले असेल. यास गुणक म्हणतात. मात्र गावात केवळ निम्मा पैसा खर्च होत असेल, तर हेच उत्पन्न २०० रुपयांवर थांबेल. डिझेल, खाद्यतेल, मोबाइल संच यांच्या किमतीचा मोठा भाग गावाबाहेर, किंबहुना देशाबाहेर जातो. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. गावच्या विकास आराखड्यातील कोणत्या कामाचा पैसा गावात फिरेल आणि कोणत्या कामाचा पैसा यंत्रांच्या भाड्यातून दुसऱ्याच दिवशी बाहेर जाईल, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. तो फारसा विचारला जात नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. मंदीत खर्च वाढवावा, हे तत्त्व ग्रामपंचायतीला जसेच्या तसे लागू पडत नाही. ग्रामपंचायतीला चलन काढता येत नाही, आणि ते राज्य शासनालाही येत नाही. राज्याच्या कर्जउभारणीवर मर्यादा असतात. हा अधिकार केंद्र शासन आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडे आहे. म्हणूनच मोठ्या मंदीत राज्ये केंद्राकडे पाहतात. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली, तेव्हा असेच घडले. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या सात महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला, आणि केंद्राने डिसेंबरात उत्पादन शुल्क सरसकट ४ टक्क्यांनी कमी केले. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन मागील वर्षाच्या तुलनेत जवळजवळ पाव हिश्श्याने घटले. त्याही वर्षी शेतीचे उत्पादन मात्र वाढले होते.

खनिज तेलापासून काहिलीपर्यंत

आता पुन्हा गुळाकडे वळू. एक टन उसापासून साधारणपणे १०० ते १२० किलो गूळ मिळतो. काहिलीत रस आटत असतो, चुलवाणात चिपाड जळत असते, आणि गुळव्याचे सारे लक्ष रसाच्या पाकाकडे असते. ब्राझीलमध्ये काय चालले आहे याची त्याला फिकीर असण्याचे कारण नाही. पण त्याच्या गुऱ्हाळाला ऊस मिळणार की नाही, हे काही अंशी ब्राझीलवर अवलंबून असते.

ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा साखर निर्यातदार देश. तेथील पुष्कळशा कारखान्यांत त्याच उसापासून साखर किंवा इथेनॉल यांपैकी जे लाभदायक असेल ते अधिक काढता येते. खनिज तेल महागले की इंधन म्हणून इथेनॉलची मागणी वाढते, ऊस तिकडे वळतो, जगाच्या बाजारात साखर कमी येते आणि साखरेचे भाव चढतात. भारतातील साखर निर्यातयोग्य ठरते, येथील कारखान्यांना उसाची ओढ लागते, आणि गुऱ्हाळचालकाला तोच ऊस चढ्या दराने घ्यावा लागतो. तेल स्वस्त झाले तर ही साखळी उलट फिरते. मध्ये शासनाची धोरणे उभी असतात, म्हणून ती सरळ रेषेत फिरत नाही, इतकेच.

२०२२ व २०२३ ही दोन वर्षे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये खनिज तेल पिंपास १२० डॉलरच्या वर गेले. देशात साखर महागू नये म्हणून केंद्राने १ जून २०२२ पासून साखर निर्यातीवर मर्यादा घातली. पुढील वर्षी पावसाने दगा दिला. २०२३ चा ऑगस्ट हा शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी पडणार हे दिसू लागताच ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घालण्यात आली, आठवड्याभरात ती काहीशी सैल करण्यात आली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी निर्बंध उठविण्यात आले. ज्या कारखान्यांनी कर्जे काढून इथेनॉल प्रकल्प उभारले होते, त्यांना हा फटका मोठा होता. शहरी ग्राहकाला मात्र साखर आटोक्यात मिळाली. कोणाच्याही हिताला धक्का न लावणारे आर्थिक धोरण अस्तित्वात नसते. प्रत्येक आदेशासोबत लाभ कोणाचा व भार कोणावर, हे विद्यार्थ्यांकडून दोन रकान्यांत लिहून घेतल्यास अर्धा अभ्यासक्रम पुरा होईल.

उसाची रास्त व किफायतशीर किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये ठरविण्यात आली. गुळाला असा कोणताही आधार नाही. त्याचा भाव सौद्यात पुकारला जाईल तो. एकीकडे कायद्याने संरक्षित दर आणि दुसरीकडे खुला सौदा, अशा स्थितीत शेतकऱ्याने कारखान्याची वाट धरली, तर त्याला बोल लावता येणार नाही. जिल्ह्यातील गुऱ्हाळांची संख्या घटत गेली, त्यामागे मजुरांच्या टंचाईइतकेच हेही कारण आहे. साखर स्वस्त असली की गुळात ती मिसळली जाते, ही तक्रार याच व्यवस्थेतून उद्भवते. भौगोलिक निर्देशन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाचे नाव अशा मिसळीने टिकणारे नाही.

व्याजाचा दर

भाववाढ ही सर्व वस्तूंच्या भावांची सरासरी हालचाल होय. एकटा गूळ महागला तर ती भाववाढ नव्हे. गूळ, डिझेल, कापड, औषधे, घरभाडे असे सारेच महागू लागले, तर पैशाचेच मोल उतरले असे समजावे. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ भाववाढीचा दर ७.७९ टक्क्यांवर पोहोचला. हा दर ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ टक्के वर किंवा खाली राखावा, असे २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर बंधन आहे. ४ मे २०२२ रोजी बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर वाढविला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला.

रेपो दर म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचे कर्ज घेतात त्यावरील व्याज. बँकांचे स्वतःचे कर्ज महागले की त्या ग्राहकांकडून अधिक व्याज घेतात. १० लाख रुपयांच्या पंधरा वर्षांच्या गृहकर्जावर व्याज ७ टक्क्यांवरून ९.५ टक्क्यांवर गेले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,९९० रुपयांवरून १०,४४० रुपयांवर जातो. शिक्षकाच्या घरातून दरमहा सुमारे १,४५० रुपये निघून जातात आणि तेवढी खरेदी कमी होते. मागणी थंडावावी, हाच दरवाढीचा हेतू असतो. युद्धामुळे महागलेले तेल व्याजदर वाढवून स्वस्त होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु एकदा लोकांनी भाव चढतच राहणार असे गृहीत धरले की व्यापारी साठा करतो, कामगार आगाऊ वाढ मागतो, आणि मूळ कारण दूर झाल्यावरही भाव उतरत नाहीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाने हा अनुभव घेतला. १९७४-७५ मध्ये भारतातील घाऊक भाववाढ २५ टक्क्यांच्या घरात होती.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतकामाच्या कारखान्यांनी २०२२ मध्ये आणखी एक उपाय पाहिला. कच्चे लोखंड व कोक ही त्यांची मुख्य सामग्री. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्राने कच्च्या लोखंडाच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसविला आणि कोकवरील आयात कर काढून टाकला, जेणेकरून हा माल देशातच राहावा व स्वस्त व्हावा. नोव्हेंबरमध्ये निर्यात कर मागे घेण्यात आला. व्याजाचा दर सर्वांना एकाच मापाने लागतो. कर मात्र नेमक्या ठिकाणी लावता येतो.

रुपयाची किंमत

शाहूपुरी वसली तेव्हा रुपया स्वतःच संकटात होता. रुपया चांदीचा होता, आणि १८७३ नंतर जगात चांदीचे मोल सोन्याच्या तुलनेने घसरत गेले. अखेर १८९३ मध्ये, म्हणजे पेठेच्या स्थापनेपूर्वी दोनच वर्षे, ब्रिटिश सरकारने चांदी आणून देणाऱ्यास रुपये पाडून देण्याची टांकसाळींची प्रथा बंद केली. या प्रश्नाचा सखोल अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि शाहू महाराज त्या परिषदेस उपस्थित होते. त्यानंतर त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपया घसरला म्हणजे निर्यात वाढते आणि देशाचा लाभ होतो, हे मत त्यांनी तपासून पाहिले. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणून निर्यातदाराचा नफा हा पुष्कळदा मजुराच्या तोट्यातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. रुपयाच्या घसरणीची बातमी वाचताना हे विवेचन आजही उपयोगी पडते.

१९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला. अडीअडचणीत दागिना गहाण टाकणाऱ्या शेतकऱ्याला ही घटना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

माणगाव ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव आहे. जुलै २०२४ मध्ये सोने-चांदीवरील आयात कर १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणण्यात आला. तरीही चांदी स्वस्त राहिली नाही. २०२५ च्या आरंभी किलोला ९० हजारांच्या आसपास असलेला भाव डिसेंबरात २ लाखांच्या वर गेला. जगात सौर उपकरणांची मागणी वाढली, अस्थिरतेमुळे गुंतवणूकदार मौल्यवान धातूंकडे वळले, आणि रुपयाही उतरला. पैंजण घडविणाऱ्या कारागिराला मात्र या तेजीतून अधिक मजुरी मिळेलच असे नाही. गिऱ्हाईक कमी वजनाचा दागिना मागते.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के आयात शुल्क लावले. देशात मात्र भाववाढ जवळजवळ थांबली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ भाववाढीचा दर अवघा ०.२५ टक्के होता. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षात रेपो दर ६.५ टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. पगारदार माणसाने या आकड्याचे स्वागत केले असेल. पण तो आकडा खाली येण्याचे एक मुख्य कारण भाजीपाला, डाळी अशा अन्नवस्तूंचे उतरलेले भाव हे होते, आणि ते भाव कोणाचे तरी उत्पन्न असते. शहरात जी स्वस्ताई म्हणून ओळखली जाते, ती बांधावर मंदी म्हणून उतरते. स्थूल अर्थशास्त्राचे आकडे सरासरीचे असतात. त्या सरासरीत आपला तालुका कोणत्या बाजूस आहे, हे पाहणे स्थानिक कार्यकर्त्याकडेच राहते.

वहीतील पाच रकाने

शाळांना यासाठी खर्चिक साधनांची जरुरी नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात एक वही ठेवावी. आठवड्यातून एकदा बाजार समितीतील गुळाचा भाव, डिझेलचा दर, डॉलरचा रुपयांतील भाव आणि खनिज तेलाचा पिंपामागील दर त्यात लिहावा. पाचवा रकाना रेपो दराचा. तो रोज बदलत नाही. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारणपणे दोन महिन्यांनी बसते. भाववाढीचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास प्रसिद्ध होतो, आणि केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. या तारखा वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात. ज्या आठवड्यात एखादा रकाना मोठी उडी घेईल, त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी कारण शोधावे, आणि इतर रकान्यांत त्याचे पडसाद किती दिवसांनी उमटतात तेही नोंदवावे. काही वेळा ते उमटणारच नाहीत. तेव्हा मध्ये कोणता आदेश, कोणता कर किंवा कोणते अनुदान आड आले, याचा शोध घेणे हा या अभ्यासातील सर्वांत रंजक भाग ठरेल. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात अशीच वही ठेवता येईल, व गुऱ्हाळचालकांनाच तिच्यात भर घालण्यास सांगता येईल.

गुळाच्या नव्या हंगामाचे सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू होतात. वही त्याच सुमारास उघडणे सोयीचे. मात्र मुहूर्ताच्या सौद्यात पुकारला जाणारा भाव उत्साहाचा असतो. नियमित नोंद त्यानंतरच्या आठवड्यापासून धरावी.